परात घेऊन पिचला

२०२४ च्या जुलैत, पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्याच आठवड्यात, ऑफिसात एक फोन आला. बोलणारा मुलगा तिशीचा असावा. भोसरी एमआयडीसीत त्यांचा घरघंटीचा कारखाना आहे, वडिलांनी सुरू केलेला. दिवाळीआधी मोठी जाहिरात करायची होती आणि त्यासाठी चार एजन्सींना बोलावलं होतं. "तुम्हीही या. काहीतरी क्रिएटिव्ह घेऊन या, मग बघू."

आमची एजन्सी तिघांची. नारायण पेठेत दोन खोल्या. मी लिहिते, आमचा आर्ट डायरेक्टर अभिनव कला महाविद्यालयात शिकलेला आहे, आणि तिसरी भागीदार हिशेबापासून क्लायंटच्या फोनपर्यंत सगळं सांभाळते. "काहीतरी क्रिएटिव्ह घेऊन या" हे वाक्य मी सतरा वर्षं ऐकते आहे. त्याचा अर्थ असा की काम आधी करा, पैसे द्यायचे की नाही ते आम्ही नंतर ठरवू. काम मिळवण्यासाठी असं आधी करून दाखवण्याला आमच्या धंद्यात पिच म्हणतात.

ही सवय कुठून आली ते या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना माहीत असायला हवं. वर्तमानपत्रातली जागा मान्यताप्राप्त एजन्सीमार्फत घेतली, की वर्तमानपत्र त्या एजन्सीला १५ टक्के कमिशन देतं. वर्षानुवर्षं मोठ्या एजन्सींचं घर या कमिशनवर चाललं. चित्र, मजकूर, लेआउट हे सगळं क्लायंटला त्यातच मिळायचं, वेगळं बिल दिसायचंच नाही. त्यामुळे दोन पिढ्यांच्या दुकानदार-कारखानदारांच्या मनात पक्कं बसलं, की पैसे जागेचे लागतात, डोक्याचे लागत नाहीत. आमच्यासारख्या लहान एजन्सीकडे वर्तमानपत्रांच्या संघटनेची, म्हणजे इंडियन न्यूजपेपर सोसायटीची, मान्यता नसते. आम्ही मान्यता असलेल्या एजन्सीमार्फत जागा घेतो, त्या कमिशनमधला थोडा वाटा आमच्याकडे येतो. आमची चूल पेटते ती लिहिण्याच्या आणि डिझाइनच्या फीवर. तेच फुकट मागणं म्हणजे शिंप्याला सांगणं, की चार जणांच्या मापाचे सदरे शिवून आण, ज्याला आवडेल तो घेईल.

मी फोनवर पिच फी मागितली. वीस हजार, आणि काम आम्हाला मिळालं तर पहिल्या बिलातून वजा. पलीकडे जरा वेळ शांतता. मग, "मॅडम, बाकी तिघांनी काही मागितलं नाही."

"हो, तसंच असेल. पण आम्ही अठरा-वीस दिवस तुमच्या कामाला लावणार आहोत."

"पप्पांना विचारून सांगतो."

पूर्वी मी हे मागत नसे. सहा वर्षांपूर्वी एका बिल्डरकडे आम्ही तीन फेऱ्यांचं पिच केलं. प्रकल्प सिंहगड रोडला होता. नाव सुचवलं, ओळ लिहिली, ब्रोशरचे लेआउट केले, आणि सगळे बोर्ड त्यांच्या टेबलावर ठेवून आलो, कारण साहेबांना "घरी निवांत बघायचे" होते. महिना गेला. फोन केला की "कळवतो" म्हणायचे. गुढीपाडव्याच्या सकाळी पेपर उघडला तर पान भरून त्यांची जाहिरात, आणि वर आमची ओळ. चार शब्दांतला एक बदललेला. मी ते पान हातात घेऊन बराच वेळ बसून राहिले. गुढी नवऱ्याने एकट्याने उभारली.

एका वकील मैत्रिणीकडे गेले. तिने सरळ सांगितलं ते असं. १९५७ चा कॉपीराइट कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपाला देतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हेच स्पष्ट केलं. चार शब्दांच्या ओळीला कॉपीराइट सहसा मिळत नाही. ती ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येते, पण ते करणार ज्याचा माल आहे तो. त्यांनी आमचा लेआउट जसाच्या तसा छापला असता, चित्र वापरलं असतं, तर भांडायला जागा होती. ओळीसाठी नव्हती. "तुझ्या हातात एकच गोष्ट आहे," ती म्हणाली, "दाखवायच्या आधी त्यांच्याकडून लिहून घे. करार झाला की तुझं भांडण कॉपीराइटचं राहत नाही, शब्द मोडल्याचं होतं."

तेव्हापासून आम्ही एक पत्र नेतो. एका पानाचं, मराठीत. दाखवलेल्या कल्पना, ओळी, नावं, चित्रं फी पूर्ण मिळेपर्यंत आमची. काम आम्हाला दिलं नाही तर त्यातलं काही, थोडा बदल करूनही, वापरणार नाही. आणि दाखवलेलं साहित्य आम्ही परत नेणार. शेवटी दाखवलेल्या गोष्टींची यादी, तारीख, दोन्ही बाजूंच्या सह्या. हे पत्र पाहून दोन क्लायंटनी आम्हाला दारातून परत पाठवलं आहे. त्याचं वाईट वाटतं, पण पाडव्याच्या त्या सकाळीइतकं नाही.

भोसरीहून दोन दिवसांनी फोन आला. पप्पा दहा हजार देतो म्हणाले. पत्र त्यांच्या सीएंनी वाचून सही करायला हरकत नाही म्हटलं. आम्ही होकार दिला. दहा हजारांत अठरा दिवस निघत नाहीत हे उघड आहे. पण पैसे मोजलेला माणूस पिचच्या दिवशी वेळेवर खोलीत येतो आणि मोबाइल बाजूला ठेवतो, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

ब्रीफ, म्हणजे जाहिरातीत काय हवं ते, फोनवर सात मिनिटांत मिळालं होतं: प्रीमियम दिसलं पाहिजे, शहरी ग्राहक, सोशल मीडिया, आणि "भारतातील नंबर १" असं कुठेतरी हवं. यावरून मला एक ओळही लिहिता आली नसती. आम्ही कारखाना बघायला गेलो.

घरघंटी आतून बघितलेली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. साधारण लहान मुलांच्या कपाटाएवढं खोकं, आत एक हॉर्सपॉवरची मोटर, दळणाच्या कप्प्यात फिरणारी पाती, आणि त्याभोवती बदलता येणारी जाळी. गव्हाला एक जाळी, बेसनाला बारीक, रव्याला मोठ्या भोकांची. कारखान्याच्या टोकाला एक छोटी खोली होती. तयार झालेली घरघंटी तिथे लावून दळण काढून बघतात. दोन बायका आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या एक काकू पीठ चिमटीत घेऊन चोळून बघत होत्या. मी त्यांच्याजवळ तासभर उभी राहिले. या काकू म्हणजे मालकांच्या पत्नी, हे मला निघताना कळलं.

मालक स्वतः मूळचे जुन्नर भागातले. एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत फिटर होते, नंतर पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं सुरू केलं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. "ताई, तुमच्या घरी दळण कुठून येतं?"

"दत्तवाडीतल्या गिरणीतून."

"मग आधी तिथं जाऊन उभ्या राहा."

मी तेच करणार होते, पण त्यांनी ते सांगितलं याचा मला आनंद झाला.

पुढचे आठ दिवस आम्ही काही लिहिलं नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पिच म्हटलं की पहिल्या रात्री लॅपटॉप उघडून लेआउट करायला बसायचं ही खोड सगळ्यांना असते, आणि तिथेच पिच हातचं जातं. आर्ट डायरेक्टर रविवार पेठेत बोहरी आळीजवळ एका विक्रेत्याच्या दुकानात तीन दुपारी बसला. भागीदार कोथरूड आणि वाकडमधल्या सोसायट्यांत घरघंटी असलेली घरं शोधत फिरली. मी गिरणीत.

विक्रेत्याने सांगितलं ते कंपनीला आवडणारं नव्हतं. घरघंटी घेतलेली माणसं दोन तक्रारी घेऊन परत येतात. एक, साफ करायला त्रास. कोपऱ्यात पीठ अडकतं, पावसाळ्यात त्याला जाळी धरते, किडे होतात. दोन, आवाज. सोसायटीत खालच्या मजल्यावरचे लोक बेल वाजवतात. वाकडच्या एका घरातल्या मुलीने सांगितलं, की ती दुपारी बारा ते एकमध्येच दळते, कारण तेव्हा खालच्या आजी जाग्या असतात आणि वरचं बाळ झोपलेलं नसतं. ही वेळ तिने स्वतः शोधून काढली होती. मी वहीत तिचं वाक्य तसंच उतरवून घेतलं.

गिरणीत मला वेगळंच मिळालं. संध्याकाळची गर्दी, डबे रांगेत लावलेले, हवेत पिठाचा धूर. मंगळवेढ्याकडच्या एक मावशी डबा घेऊन उभ्या होत्या. दर चार दिवसांनी येतात म्हणाल्या. मी म्हटलं, एवढ्यांदा कशाला, पंधरा दिवसांचं एकदम का दळत नाही?

"ज्वारीचं दळून ठिवलं की विरी जाती बाई. थापायला घेतलं की फाटतं. मग भाकरी कशी व्हायची?"

विरी. माझ्या आजीच्या तोंडचा शब्द. ज्वारीच्या ताज्या पिठात जो चिकटपणा असतो, ज्याच्या जोरावर गोळा हाताखाली गोल गोल सरकतो आणि कडा चिरत नाहीत, त्याला विरी म्हणतात. गव्हात ग्लुटेन असतं म्हणून पोळी लाटता येते, ज्वारीत ते नाही, म्हणून भाकरीचं सगळं गणित पीठ किती ताजं यावर आहे. बाजरीचं तर विचारूच नका, थोडे दिवस ठेवलं की कडू होते. गव्हाचं पीठ पिशवीतून आणून महिनाभर चालतं. मग घरघंटीची खरी गरज कुणाला आहे? जिच्या घरी भाकरी होते तिला. आणि कंपनी तिच्याशी बोलतच नव्हती, ती बोलत होती "मॉडर्न किचन"शी.

त्या रात्री घरी येऊन मी एक ओळ लिहिली: "विरी आहे, तोवर भाकरी आहे." पुढे तीसेक ओळी लिहिल्या, पण ती राहिली.

तीन दिशा ठरवल्या. पहिली विरीची. दुसरी आवाजाची, वाकडच्या मुलीच्या वाक्यावरून: "बारा ते एक. खालच्या आजी जाग्या आहेत." तिसरी कंपनीने मागितलेली प्रीमियम दिशा, चकचकीत ओटा आणि त्यावर ऊन. तिसरी आम्ही प्रामाणिकपणे केली, कारण जे मागितलं ते न दाखवता आपलंच पुढे करणं मला उद्धटपणाचं वाटतं. पण ती बघताना कुणाच्याच पोटात काही हललं नाही.

लेआउट करताना मराठी मजकुराबद्दल एक काळजी आम्ही नेहमी घेतो, ती सांगायला हवी. पुण्यात मराठी टाइपसेटिंगचं केवढं काम झालं आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेली सरकारी संगणक संस्था सी-डॅक इथली, श्री-लिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर इथल्या मॉड्युलर इन्फोटेकचं. तरीही पिचच्या खोलीत अक्षरं मोडतात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की तो फॉन्ट नसल्याने मजकुराचा चिखल होतो. युनिकोड मजकूर डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकीच्या सेटिंगने घेतला की पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटतात. विचार करा, "विरी" या शब्दाची वेलांटीच मागेपुढे झाली तर सगळा खेळ संपला. एका जुन्या पिचमध्ये आमच्या हेडलाइनचं असं झालं होतं, आणि समोरच्या साहेबांनी त्यानंतरचं काही ऐकलं नाही. तेव्हापासून आम्ही अक्षरं आउटलाइनमध्ये बदलून, म्हणजे त्यांचं चित्र करून, पीडीएफ करतो, आणि त्याशिवाय सगळं ए-थ्री आकारात छापून सनबोर्डवर, म्हणजे हलक्या फोमच्या पुठ्ठ्यावर, चिकटवून नेतो. प्रोजेक्टर बंद पडला तरी बोर्ड बोलतो. शिवाय बोर्ड हातातून हातात जातो, माणसं तो जवळ घेऊन बघतात.

पिच २५ जुलैला होतं. त्या पहाटे खडकवासल्यातून पाणी सोडलं, एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, भिडे पूल पाण्याखाली गेला. भागीदाराचे आईवडील सिंहगड रोडलाच राहतात. ती सकाळपासून तिकडेच होती. भोसरीहून मुलाचा फोन आला, सोमवारी या, आधी घरचं बघा. त्या शब्दांनी मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली.

मधल्या चार दिवसांत परातीची कल्पना आली, आणि तीही भागीदाराच्या आईमुळे. पाण्यापासून वाचवलेले डबे त्या आमच्या घरी घेऊन आल्या होत्या, त्यात दीड महिन्याचं ज्वारीचं पीठ होतं. "याची आता भाकरी नाही व्हायची," त्या म्हणाल्या, "धिरडी घालू." मी त्यातलं वाटीभर मागून घेतलं.

सोमवारी सकाळी मी गिरणीतून पावशेर ताजं पीठ घेतलं. सिव्हिल कोर्टवरून मेट्रोने नाशिक फाटा, तिथून रिक्षा. बोर्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले, पिशवीत घरची पितळी परात. पाऊस होताच.

खोलीत पाच जण होते. मालक, मुलगा, सेल्सचे एक साहेब, हिशेबाचे एक वयस्कर गृहस्थ, आणि खिडकीशी काकू. मी आधी पत्रावर सह्या घेतल्या, मग बोलायला उभी राहिले. सुरुवात विक्रेत्याच्या तक्रारींपासून केली. साफ करायचा त्रास, आवाज, कोपऱ्यात अडकणारं पीठ. मुलाचा चेहरा उतरला. "मॅडम, आम्ही तुम्हाला प्रॉडक्टचा रिव्ह्यू करायला बोलावलेलं नाही." सेल्सच्या साहेबांनी मान हलवली.

मी म्हटलं, "दादा, हे मी सांगत नाही, दुकानात बसलेला माणूस सांगतो. जाहिरात वाचून जो गिऱ्हाईक दुकानात जाईल, त्याला विक्रेता हेच सांगणार आहे. आपल्याला त्याच्या आधी काहीतरी सांगावं लागेल."

मालक काहीच बोलले नाहीत. त्यांनी फोन उचलून खालून प्रॉडक्शनच्या माणसाला बोलावलं आणि त्याला भिंतीशी उभं राहून ऐकायला सांगितलं.

मग आम्ही परात टेबलावर ठेवली. दोन्ही पिठं, तांब्याभर साधं पाणी. मी दोन गोळे मळले आणि थापायला घेतले. ताज्याचा गोळा हाताखाली फिरत मोठा होत गेला. जुन्याच्या कडा तळहाताएवढा होण्याआधीच चिरल्या, उचलायला गेले तर दोन तुकडे. खोलीत कुणी बोलत नव्हतं. त्याच क्षणी आर्ट डायरेक्टरने पहिला बोर्ड उभा केला. वर चिरलेली भाकरी, खाली सबंध, आणि मध्ये एकच ओळ: "विरी आहे, तोवर भाकरी आहे."

काकू खिडकीपासून उठून परातीशी आल्या. चिरलेला तुकडा चिमटीत घेतला. "गरम पाणी घातलं असतंत तर याचीही झाली असती."

खरं आहे. जुन्या पिठाला उकळतं पाणी घालून उकड काढली की ते काही प्रमाणात सावरतं. मला हे माहीत होतं आणि मी ते सांगितलं नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, "हो काकू, होते. मी मुद्दाम साधं पाणी घेतलं."

काकूंनी तुकडा परातीत ठेवला. "होते, पण तशीच नाही होत. आणि सकाळी डब्याच्या घाईत रोज उकळतं पाणी कोण करत बसतंय." एवढं बोलून त्या पुन्हा खिडकीशी जाऊन बसल्या. त्या दोन वाक्यांनी आमच्या कल्पनेला जो आधार दिला तो माझ्या पंधरा स्लाइडना देता आला नसता. नंतर आम्ही उकळत्या पाण्याचा मुद्दा जाहिरातीच्या मजकुरातच घेतला, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पुढचा सगळा वाद एका शब्दावर. मुलगा म्हणाला, विरी किती जणांना कळेल? मला कळला नाही. रास्त प्रश्न होता. सेल्सच्या साहेबांनी तिथल्या तिथे फोन लावायला सुरुवात केली. सोलापूरचा विक्रेता हसून म्हणाला, हा काय विचारायचा शब्द आहे का. लातूरला कळला. पुण्यातल्या दोन दुकानांपैकी एकात कळला. रत्नागिरीला नाही. तिकडे भाकरी तांदळाची आणि पीठ उकड काढून मळायचं, विरीचा प्रश्नच येत नाही. अर्धा तास हे चाललं आणि ते फोन ऐकताना मला फार बरं वाटत होतं. एका कारखान्याचे पाच लोक आपल्या ग्राहकाच्या तोंडचा शब्द शोधत होते.

"नंबर १" चा विषय मीच काढला. म्हटलं, हा दावा करायचा तर आकडे हवेत, कुणाच्या सर्वेक्षणात, कुठल्या वर्षी. जाहिरात मानक परिषद, म्हणजे आस्की, १९८५ पासून हेच मागते आहे. आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत दंड आहे. हिशेबाच्या गृहस्थांनी प्रथमच वहीतून मान वर केली. "पौष्टिकता शंभर टक्के टिकते" हेही त्यांच्या जुन्या पत्रकात होतं. त्यामागे चाचणी कुठलीच नव्हती. दोन्ही त्याच बैठकीत काढायचं ठरलं.

मालकांना दोन गोष्टी हव्या होत्या, नाशिक फाट्याजवळ होर्डिंग आणि रेडिओवर जिंगल. जिंगलची हौस मला समजली. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ ला, मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर, म्हणजे त्यांच्या पिढीचं बालपण त्यातच गेलं. जिंगल आम्ही पुढच्या टप्प्यात धरली. होर्डिंगला मी तिथेच नाही म्हटलं. मे महिन्यातच घाटकोपरला होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली होती. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये त्यांच्याच महापालिकेच्या हद्दीत, किवळ्याला, पाच. जागेचा परवाना आणि सांगाड्याचं स्ट्रक्चरल ऑडिट कागदावर बघितल्याशिवाय आम्ही कुठल्याही क्लायंटला जागा सुचवत नाही, आणि मालकांनी ज्या जागेवर बोट ठेवलं तिचे कागद दलाल देत नव्हता. मालकांनी मान हलवून तो विषय सोडला.

निघताना बोर्ड उचलले. मुलगा म्हणाला, ठेवून जा, निवांत बघतो. मी पत्राकडे बोट दाखवलं. त्याने हसून दार उघडून धरलं.

मग अकरा दिवस काहीच नाही. पिचमधला हा काळ कसा काढायचा ते मला अजून येत नाही. आम्ही दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा करायचा नाही असं ठरवलं. मधल्या काळात कळलं की मुंबईच्या एका मोठ्या एजन्सीने त्यांना व्हिडिओचं सुंदर काम दाखवलं आहे, नटीसकट. मुलाचं मन तिकडे होतं.

बाराव्या दिवशी निकाल आला. व्हिडिओ आणि सोशल मीडिया मुंबईच्या एजन्सीला. वर्तमानपत्रं, विक्रेत्यांच्या दुकानातलं साहित्य आणि पत्रकं आम्हाला. विरीची ओळ सोलापूर, धाराशिव, लातूर, बीड या जिल्ह्यांत. पुण्यासाठी आवाजाची दिशा, पण आधी प्रॉडक्शनचा माणूस रबरी बुश बदलून आवाज कमी करून दाखवणार, मगच. प्रीमियम दिशा कुणीच घेतली नाही. आम्ही सगळ्या कामासाठी पिच केलं होतं, त्यामुळे अर्धं मिळाल्याचा आनंद आणि अर्धं गेल्याची रुखरुख दोन्ही एकाच संध्याकाळी होतं.

फीच्या बोलण्यात उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, उपयोग झाला. आम्ही सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदलेले आहोत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने अशा उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं करावं लागतं, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढीने. आयकर कायद्यात एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या ४३ बी (एच) या कलमानंतर मुदत उलटलेलं बिल ज्या वर्षी प्रत्यक्ष चुकतं केलं त्याच वर्षी खर्च म्हणून वजा धरता येऊ लागलं, म्हणून कंपन्यांचे सीए स्वतःच घाई करू लागले. लहान एजन्सी चालवणाऱ्या प्रत्येकाने बिलावर उद्यम क्रमांक छापावा, एवढं मी कळकळीने सांगते. आमचं पहिलं बिल, पिच फीचे दहा हजार वजा करून, अधिक १८ टक्के जीएसटी, एकोणचाळिसाव्या दिवशी जमा झालं.

जाहिरात नवरात्रात सोलापूर आवृत्तीत आली. आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं प्रूफवर वाकून फक्त एकच गोष्ट बघत होतो, वेलांट्या जागेवर आहेत ना. सकाळी विक्रेत्याने पानाचा फोटो पाठवला. दुकानाच्या काउंटरवर त्याने शेजारी परात ठेवली होती आणि दोन डबे, एकावर चिठ्ठी "आजचं", दुसऱ्यावर "श्रावणातलं". हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तो फोटो काकूंना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. नाचणीचं काय करणार आहात, असं त्या विचारत होत्या.